दौंडाचा द आणि दौंडाचा ड

जवळ या जरा. असं भिंतीला टेकून लांब बसू नका, मला आता ओरडून बोलवत नाही. आणि बसलात की आधी माझी थोडी बोलणी खा. तुमच्यातलं कुणी काशी करून आलं, कुणाला जावयानं विमानातून सिंगापूरला नेलं, की महिनाभर आळीत तेच पुराण. आणि मी दौंडाला जाऊन आले म्हटलं तर तोंडाला पदर लावून हसता. "दौंडात काय बघितलंस गं, इंजिन?" तुम्ही दौंड बघितलंय ते गाडीच्या खिडकीतून. गाडी थांबते, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागतं, तेवढ्यात तुम्ही चहा पिऊन कप रुळात टाकता, झालं तुमचं दौंड. मी तिथं उतरून पाच दिवस राहिले. म्हणून ऐका. आणि मी रागात आहे हेही आधीच सांगून ठेवते. परत येऊन पंधरवडा झाला तरी राग उतरलेला नाही, आणि उतरावा म्हणून मी काही करतही नाही.

कवठे येमाई

माझा धाकटा दिलीप दौंडाजवळच्या एका कारखान्यात आहे. कारखान्यानं त्याला मशीन शिकायला दोन वर्षं स्लोव्हेनियाला धाडलं होतं. हा देश इटलीला चिकटून आहे, आपल्या जिल्ह्याहून थोडासाच मोठा, आणि तिथली माणसं स्लोव्हेन भाषा बोलतात. दिलीप मशीन शिकून आला आणि मोयत्साशी लग्न करून आला. तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग असं आहे, की रेशनकार्डावर कारकुनानं 'मोजका' लिहून ठेवलंय. त्यांची मुलगी तारा आता चार वर्षांची. नवरा-बायको दोघं कारखान्यात जातात, म्हणून तारा दिवसभर शेजारच्या बंगाली बाईंकडे असायची. बाईंचे मालक रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाल्यावरही दोघं दौंडातच राहिले. तारा त्यांना दीदीमा म्हणते. बंगालीत आईच्या आईला तसं म्हणतात. म्हणजे पोरगी आईशी स्लोव्हेन बोलायची, दीदीमाशी बंगाली, बापाशी मराठी.

मग दिलीपनं तिला एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत घालायचं काढलं. शाळेतल्या मॅडमनी चित्रं दाखवून परीक्षा घेतली, नापास केलं आणि सांगितलं, मुलीच्या डोक्यात भाषांची खिचडी झालीय. घरात फक्त इंग्लिश बोला, बाकीचं सगळं बंद, तसं हमीपत्र लिहून द्या, मग जूनमध्ये घेतो. दिलीपनं लिहून दिलं. दीदीमाकडे जाणं बंद केलं, पोरीला पाळणाघरात टाकलं. मोयत्सानं आपल्या भाषेत बोलणं थांबवलं. तीन आठवड्यांनी दिलीपचा फोन आला.

"आई, तारा बोलतच न्हाई."

"कुणाशी?"

"कुणाशीच न्हाई. इंग्लिश बी न्हाई, मराठी बी न्हाई. गप बसून ऱ्हाती."

मी पिशवी भरली. बाजरीचं पीठ, मासवडीचं सारण, शेंगदाण्याची चटणी. सकाळच्या एसटीनं निघाले.

शिरूर

शिरूरच्या स्टँडावर दुसरी गाडी लागेपर्यंत तासभर बाकावर बसले होते. शेजारी एक तरणी बाई, मांडीवर तीन-साडेतीन वर्षांचं पोर. ऊन मरणाचं. पोर म्हणालं, "मम्मी, पाणी." तिनं बाटली वर धरली. "पाणी नाही. वॉटर म्हण." पोर परत म्हणालं, पाणी. तिनं बाटली आणखी वर धरली.

मी म्हटलं, "बाई, दे की त्याला आधी."

"स्कूलमध्ये सांगितलंय मावशी. सवय लावायला लागते."

"आन् तहानंची सवय मोडलीया व्हय त्याची?"

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पोराला शेवटी पाणी मिळालं का, ते मला दिसलं नाही. पण माझ्या डोक्यात जी आग पडली ती तिथंच पडली. आणि खरं सांगते, निम्मी आग माझ्यावरचीच होती. ते पुढं सांगते.

राहू

न्हावऱ्यावरून गाडी भीमेच्या पुलावर आली की रान बदलतं. आपल्याकडचं उघडंबोडकं माळरान जातं आणि दोन्ही बाजूंनी नुसता ऊस. राहूला माझी थोरली बहीण, आक्का. तिच्या दिराचं गुऱ्हाळ आहे. मुक्काम तिच्याकडे केला. संध्याकाळी गुऱ्हाळावर गेलो. कढईत रस उकळत होता, चुलवणावरची माणसं उत्तर प्रदेशातली. त्यांच्यातली एक बाई लेकराला कडेवर घेऊन त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती, आक्काशी मराठी, मुकादमाशी हिंदी. लेकरू तिघांकडे बघत ताज्या गुळाची चिकी चघळत होतं. त्याची कुणी परीक्षा घेतली नव्हती म्हणून त्याला गोंधळायचं माहीत नव्हतं.

मी आक्काला म्हटलं, "बघ. आन् त्या शाळंतली बया म्हनती खिचडी."

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कुणाची भीड ठेवत नाही. म्हणाली, "बयेला कशाला बोलतीस? दिलीपनं लिहून द्यायच्या आधी फोन कुणाला केला व्हता? तूच म्हनलीस ना, मास्तरीन सांगती तर ऐका म्हनून?"

ही ती निम्मी आग. दिलीपनं तेव्हा मला विचारलं होतं. आणि मी, जी जन्मात शाळेची पायरी चढले नाही, शाळेतलं माणूस बोललं की माझी मान आपोआप खाली जाते. मी म्हटलं होतं, ऐक बाबा, शिकलेली माणसं हायेत. सकाळी निघताना आक्कानं गुळाची ढेप बांधून दिली. "जा आन् निस्तर," म्हणाली.

दौंड

केडगावपर्यंत जीप आणि तिथून पॅसेंजर. दौंडात उतरलं की रेल्वेच्या वसाहतीतून जाताना एका ओळीत दहा तऱ्हेची जेवणं शिजल्याचा वास येतो. कुठं सांबार, कुठं मोहरीच्या तेलातला मासा, कुठं आपलं कांदा-लसूण. कवठ्यात असं नाही. आपल्याकडं एकाच्या घरात वांगं शिजलं की सगळ्या आळीत वांगंच असतं.

दिलीपचं घर मात्र मुकं. तारा कोपऱ्यात बसून बाहुलीचे केस विंचरत होती, मला बघून उठली नाही. मोयत्साचं तोंड एवढंसं झालेलं. तिला मराठी बरंच येतं. चहा देताना सावकाश, शब्द वेचून म्हणाली, "आई, मला इंग्लिशमध्ये आई होता येत नाही. मी तिला म्हणते ईट, स्लीप, कम. कुत्र्याला म्हणतात तसं." आणि दीदीमाचं दार बंद. मी वाजवलं, तर उघडून माझे हात धरले आणि त्यांच्या रेल्वे-हिंदीत म्हणाल्या, "दिलीप बोला, काल से तारा नहीं आयेगा. हाम क्या किया?" 

दिलीप कामावरून आला तेव्हा मी त्याला पायातले बूटही काढू दिले नाहीत.

"कागद दाव परीक्षेचा."

त्यानं दाखवला. पानभर चित्रं, पानभर लाल फुल्या. "बाकीचं जाऊ दे आई. ही दोन बघ. अंड्याला डिम म्हनली, आन् घराच्या धुराड्यातनं धूर निघतोय, त्याला बी डिम. मॅडम म्हनल्या, येकच शब्द सगळ्याला वापरती, हे लक्षण चांगलं न्हाई. आन् हसल्या. म्हनल्या, मुलगी स्वतःच सांगतेय, डिम आहे म्हणून."

"म्हंजी?"

"इंग्लिशमदी डिम म्हंजी मंद. बारीक दिवा."

"आन् तू काय केलंस?"

तो खाली बघून म्हणाला, "सही केली." मग कागदाची घडी घालत, "मी दहावीला इंग्लिशमदी दोनदा नापास झालो आई. आठ वर्सं हेल्पर व्हतो. तिचं तसं नको व्हायला."

मला त्याची दया आली असती, पण पोरगी कोपऱ्यात बाहुली घेऊन बसली होती. म्हणून आली नाही.

दुसऱ्या दिवशी दिलीप कामावर गेल्यावर मी मोयत्साला रजा टाकायला लावली आणि दीदीमाला हाताला धरून आणलं. म्हटलं, आज या घरात ज्याला जे येतं ते बोलायचं, काय व्हायचं ते माझ्यावर. जेवायला मासवडी करते म्हटल्यावर दीदीमाचा चेहरा फुलला. आमटी-मासवडी पुढ्यात आली तर त्यांनी वडी मोडून बघितली, दुसरी मोडून बघितली. "माछ कोथाय?" मासा कुठाय? मी सांगितलं, मासवडीत मासा नसतो, बेसन असतं, वरनं नुसता आकार माशाचा. तीस वर्षं या मुलखात राहून त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन वड्या खाल्ल्या, पण फसवल्यासारख्या.

मग मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, दोन रेघा मारल्या, तीन खाने पाडले. एकात मोयत्सा सांगेल ते, एकात दीदीमा, एकात मी. सगळं देवनागरीत, कारण लिहिणारी मी. तारा कोपऱ्यातून बघत होती.

आग. दीदीमा म्हणाल्या आगुन. मोयत्सा म्हणाली ओगेन. मी हात थांबवून दोघींकडे बघितलं. शंभर: आपण दोनशे-तीनशे म्हणतो त्यातला शे, बंगालीत शो, स्लोव्हेनमध्ये स्तो. मांस: मांगशो, मेसो. आणि काय? हा शब्द विचारायचीही गरज नव्हती. स्लोव्हेनमध्ये 'काय'ला कायच म्हणतात. लग्न करून पहिल्यांदा आली तेव्हा मी काही बोलले की ती "काय?" म्हणायची, आणि मी गावात सांगत सुटले होते की सून मराठी शिकूनच आलीय.

मग वाक्यं घेतली. बाप आला, आई आली, लेकरू आलं. मोयत्साच्या भाषेत प्रिशेऊ, प्रिश्ला, प्रिश्लो. आपल्यासारखंच, तिन्ही वेगळं. म्हणून परदेशातली असून ही पोरगी मराठीत आला-आली कधी चुकत नाही. आणि दीदीमाच्या भाषेत? बाप एशेछे, आई एशेछे, लेकरू एशेछे. बाई-पुरुष सगळे एका ओळीत, क्रियापद कुणासाठी हलत नाही. तीस वर्षं दौंडात राहून त्या "आमचा गाडी आला" का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आणि तारा मला "आजी आला" म्हणायची, आम्ही सगळे हसायचो. ती चुकत नव्हती. बंगालीचा कपडा मराठीला घालून बघत होती.

दोन माणसांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आपण 'आम्ही' म्हटलं की दोघी असोत नाहीतर गाव असो. बंगालीत 'आमरा', तेही तसंच. पण स्लोव्हेनमध्ये दोघांसाठी वेगळंच 'आम्ही' आहे, आणि दोघीच असतील तर त्याहून वेगळं: मिद्वे. आम्ही दोघी. एक घर हीशा, दोन घरं हीशी, तीन घरं हीशे. दीदीमा हसून म्हणाल्या, एवढं कशाला, आम्ही घराला हात लावत नाही, आकड्यालाच शेपूट लावतो. अ‍ॅकटा बाडी, दुटो बाडी. मी म्हटलं, आमच्याकडं एकटा म्हणजे ज्याला कुणी नाही तो. दीदीमाला ते फार लागलं. किती तरी वेळ तो शब्द घोळवत बसल्या.

एवढ्यात तव्यावरची भाकरी करपली. धुराचा लोट उठला. मी उठले तर पदराला कुणी तरी ओढत होतं. तारा. माझं तोंड खाली ओढून कानात म्हणाली, "दीम."

मोयत्साचे डोळे भरले. "धूर," ती म्हणाली. "आमच्या भाषेत धूर."

मी ओट्यावरचं एक अंडं उचलून तारासमोर धरलं. "आन् हे काय गं?"

परत कानात. "डिम."

दीदीमा लगेच म्हणाल्या, "ठीक बोला. डिम. बांग्ला में अंडा को डिम बोलता."

मी मोयत्साला विचारलं, दोन्ही ऐकलंस ना, फरक कळला? ती म्हणाली, "आई, दोन्ही सेम." तिच्या भाषेत एकच द. तिच्या कानाला आपला ड वेगळा लागतच नाही. दिलीप तिथं दोन वर्षं राहिलेला, त्याला धूर कळला, अंडं कळलं नाही, कारण शेजारणीशी तो हिंदीतच बोलायचा. दीदीमाला अंडं कळलं असतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि परीक्षेच्या कागदावर दोन्हीकडे इंग्रजीत तीच तीन अक्षरं. चार वर्षांच्या पोरीनं दोन भाषांतले दोन शब्द जिथल्या तिथं, जीभ जिथं लावायची तिथं लावून सांगितले होते, आणि आम्ही चार शहाण्यांनी मिळून तिला मुकं केलं.

शाळा

तिसऱ्या दिवशी दिलीपला अर्धी रजा टाकायला लावून शाळेत गेलो. मी, दिलीप, मोयत्सा, तारा. मॅडम पुण्याच्या, रोज गाडीनं येणाऱ्या. वाईट बाई नव्हत्या, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्यामुळं माझा राग उलट वाढला.

मी म्हटलं, "ती चित्रं परत दावा तिला."

त्यांनी दाखवली. मी ताराला सांगितलं, मोठ्यानं बोल, मी हाय. अंड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "डिम." धुरावर ठेवून म्हणाली, "दीम."

मॅडमची नजर जुन्या कागदावरच होती; तशाच त्या दिलीपकडे वळल्या. "बघा. अजून तेच."

"काय तेच?" मी विचारलं.

"दोन्हीला डिम म्हणतेय ना आजी."

"मॅडम, पुण्यात खिडकीवर तिकीट कुठलं मागता?"

"दौंडचं. का?"

"परत म्हना."

"दौंड."

"डौंड म्हनला न्हाईत. दौंद बी न्हाई. तुमच्या टेसनच्या पाटीवर इंग्रजीत दोन्हीकडं येकच अक्षर हाय, तरी तुमची जीभ बरुबर दोन जागी लागली. मी अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून शिकले, पन मला द आन् ड कळतो. पोरीला बी कळतो. अंड्याला ड, ते बंगाली. धुराला द, ते तिच्या आईचं. तिनं अदलाबदल केली न्हाई. गोंधळ तुमच्या कागदाचा हाय, आन् नाव पोरीला ठेवलंत."

मॅडमनी ताराकडून परत म्हणवून घेतलं. या खेपेला त्यांना ऐकू आलं, हे मला दिसलं. जरा वेळ त्या कागद सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल तसं. पण आम्हाला एग आणि स्मोक यायला हवंय."

"ते शिकवायला तर तुमच्याकडं आनली व्हती."

"आजी, नियम सगळ्यांना एकच आहे. हमीपत्र पाळायला लागेल. मुलीच्या भल्यासाठीच आहे."

 मोयत्सानं दिलीपकडे बघितलं. दिलीप उठून उभा राहिला, कारखान्यातल्या साहेबापुढं उभा राहतो तसा, हात मागं बांधून. "ते हमीपत्र मला परत द्या," म्हणाला.

"मग सीट जाईल."

"जाऊ द्या."

 मॅडमनी फाइलीतून कागद काढून दिला. जिन्यावर त्याला वाटलं मी शाबासकी देईन. मी म्हटलं, "तीन आठवडं लागलं तुला." आता तारा जूनपासून नगरपालिकेच्या बालवाडीत जाईल. तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडं वडारी बोलणारी हायेत, मारवाडी हायेत, ही येक आणखी.

दौंडातून निघताना

तुम्हाला वाटलं असेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. दीदीमाचं दार उघडलं, तारा धावत आत गेली, दोघींची बंगाली पुन्हा सुरू झाली. माझ्याशीही ती बोलू लागली. संध्याकाळी मोयत्सा ओसरीत बसली आणि तिनं हात पसरून आपल्या भाषेत हाक मारली, "प्रीदी सेम, तारा." इकडं ये.

तारा आली. मांडीवर बसली. आधी दाराकडे बघितलं, मग आपला तळहात आईच्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "शूऽ. मॅडम."

 खिचडी म्हणाले होते ना, खिचडी नव्हती झाली. आता मात्र एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसलीय: आईचं बोलणं बाहेरच्या माणसानं ऐकायचं नसतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. घरात कुणी नसलं की आईशी बोलते, दारात माणूस दिसला की तोंड मिटते. दिलीप म्हणतो, जाईल हळूहळू.  मी त्याच दिवशी ठरवलं की सुट्टीत मायलेकींना इथं आणायचं, आणि दीदीमालाही.

परवा येताहेत, महिनाभर राहतील. म्हणून तुम्हाला एवढं जवळ बसवून सांगितलं. तुम्ही या. लांबून परदेशी सून बघायला नका येऊ, आत या, मोयत्साला तिच्या भाषेत बोलायला लावा, कळलं नाही तरी मान डोलवा, पोरीच्या देखत हसू नका. गोसाव्याच्या सुनेला म्हणावं, तिचं ते माहेरचं कानडी घेऊन ये. वीटभट्टीवरच्या बिहारी बायांनाही सांगितलंय मी. लवकर या, आणि येताना दारातून मोठ्यानं बोलत या.